पेणला काढलेला चेहरा

सुट्टीच्या दिवशी खोलीवर बसलं की छातीत धडधडतं, म्हणून सकाळीच रोह्याहून पेणची गाडी धरली. मी नांदेडकडचा. आठवीत शाळा सुटली, इथे कंपनीत शिफ्ट करतो. उन्हाळ्यात आई गेली. मी गावी पोचेपर्यंत अग्नी देऊन झाला होता. तिचं तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून कुणाच्याच तोंडाकडे नीट बघवत नाही.

दवाखान्यातल्या ताईंनी एक उपाय दिलाय, त्यांचे उपकार आहेत. धडधड वाढली की एखाद्या वस्तूपुढे उभं राहायचं, श्वास खाली बसेपर्यंत नुसतं बघायचं, मग एकच फोटो काढायचा. माझ्या मोबाइलमध्ये कुंडलिका नदीचं पाणी आहे, धरमतरच्या खाडीचा चिखल आहे, ओल्या भिंती आहेत. माणूस एकही नाही.

पेणला उतरून भजी-पाव खाल्ला आणि गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत शिरलो. एका दारात बिनरंगाच्या मूर्ती वाळत होत्या. त्यांच्यापुढे किती वेळ उभा होतो कोण जाणे.

"काय रं, साचा चोराला आलास का?" आतून एका बाईचा आवाज आला.

"नाही मावशी. नुसतं बघतोय."

"बघाचंच हाय तं आत ये. उन्हात कशाला तापतंस?"

मावशी आखणी (मूर्तीचे डोळे रंगवणं) करत होत्या. हे काम सगळ्यात शेवटी होतं. कुंचला टेकला की त्यांचा श्वास थांबे, रेघ पुरी झाली की सुटे. मी त्यांच्या हाताचा फोटो काढला.

"हाताचाच? तोंड वाईट हाय का माजं?"

मग मी आईचं सांगितलं. मावशींनी कुंचला पाण्यात ठेवला. कपाळावरचा रंग पदराने पुसायला गेल्या, तो आणखीच पसरला.

"माजा काढ. नीट बघ, घाई नाय."

मी बघत राहिलो. श्वास काही खाली बसेना. तरी बोट दाबलं, आणि नेमक्या त्यांच्या पापण्या मिटल्या.

फोटो बघून त्या हसल्या. "देवाचे डोले उघडते नि माजेच मिटले. दुसरा काढ, बाला."

"राहू दे मावशी. हाच पाहिजे."

परतीच्या गाडीत तोच बघत बसलो. बाई परकी, चेहराही आईसारखा नाही. पण आई अशीच निजली असेल, पापण्या मिटून, कपाळ सैल सोडून. रोहा आलं, डबा रिकामा झाला. मोबाइल मांडीवर ठेवून मी हात जोडले. तेव्हा जोडायचे राहिले होते.