थॉर, आप्पा आणि मीराचा बाप्तिस्मा

नाटक एका संध्याकाळी संपतं हो, किस्से मात्र फ्रीजमधल्या उरलेल्या भाजीच्या डब्यांसारखे साठत जातात. २००५-०६ च्या सुमारास आमच्या ऑकलंडच्या मराठी ग्रुपने शोकांतिका केली. लिहिली आयटीतल्या साठेने. व्हायकिंगांचा म्हातारा सरदार, थॉर या जुन्या देवाला मानणारा. मुलगा ख्रिस्ती होऊन परततो, थॉरची मूर्ती समुद्रात बुडवतो आणि बाप बाप्तिस्म्याचं पाणी झिडकारून प्राण सोडतो. मी प्रॉम्प्टर!

बाप झाले पुण्याहून आलेले आप्पा, मुलगा झाला त्यांचाच मंदार. मंदारची बायको रेचल चर्चला जाणारी, आणि तान्ह्या मीराचा बाप्तिस्मा प्रयोगानंतरच्या रविवारी ठरलेला. "मी येणार नाही," आप्पांनी सांगून टाकलं होतं. बापलेक बोलायचे ते फक्त तालमीत, तेही साठेने लिहिलेलं!

*

तालमीचा हॉल माउंट रॉस्किलच्या चर्चचा. तिथे नारळ फोडायचा कसा? आप्पाच पाद्रीबुवांना विचारून आले. ते म्हणाले, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत झकास. "फक्त कार्पेटवर नको." पार्किंगमध्ये फोडला, आणि सगळ्यात जास्त खोबरं खाल्लं पाद्रीबुवांनी!

*

मंदारने मूर्तीला लाथ मारायची होती. मूर्ती थर्माकोलची, आमचं गणपतीचं मखर करणाऱ्या शिंदेने केलेली. पण पाय लागला की मंदारचा हात आपोआप कपाळाला!

साठे ओरडला, "अरे, तू ख्रिस्ती झालायस!"

"झालोय रे, पण पाय लागला ना!"

*

प्रयोगात मूर्ती निळ्या कापडाच्या समुद्रात गेली. हॉल चिडीचूप. आणि इथेच जन्मलेली, एरवी मराठीत ब्र न काढणारी पोरं एकसुरात ओरडली, "गणपती बाप्पा मोरया! पुढच्या वर्षी लवकर या!"

साठे विंगेत डोकं धरून बसला. मला फार वाईट वाटलं त्याचं.

*

शेवटच्या प्रवेशात मंदार ओंजळीत पाणी घेऊन आला. "बाबा, माझ्यासाठी तरी!" आप्पांनी असं झिडकारलं की पाणी पहिल्या रांगेतल्या रेचलवर उडालं. टाळ्यांचा कडकडाट. रेचल रडत होती, आणि ते सरदारासाठी नव्हतं हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

नंतर आप्पा मेकअप पुसत असताना ती एवढंच म्हणाली, "आप्पा, प्लीज कम." आप्पा मेकअप पुसतच राहिले.

*

रविवारी त्याच चर्चमध्ये आम्ही सगळे जमलो. ऐन थंडी. आप्पांची खुर्ची रिकामी. पाद्रीबुवांनी मीराला हातात घेतलं आणि मागचं दार वाजलं. आप्पा! स्वेटर, मफलर, कानटोपी. थेट पुढे गेले. रेचलने श्वास रोखला. आप्पांनी पाण्यात बोट बुडवलं आणि अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असे कडाडले, "मंदार, बर्फ आहे हा! पोरीच्या टाळूवर हे ओतणार? जा, आधी कोमट करून आण!"