अंगारकीला आणलेला साप

साप पाळायचं खूळ लेकीचं. इथे आखातात, अल रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मांजर चाललं असतं, पण तिला मांजर नको होतं. वर्षभर तिनं पिच्छा पुरवल्यावर मी हो म्हटलं. साप बिनविषारी हवा, माणसाच्या घरीच अंड्यातून निघालेला हवा, रानातून धरून आणलेला नको, आणि परवडणारा हवा. दुकानातल्या कॉर्न स्नेकच्या किमतीचे मी मनातल्या मनात रुपये केले आणि लेकीला घेऊन तिथून बाहेर पडले.

मग मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका गृहस्थांचा मेसेज दिसला. मूळचे पुण्याचे, नोकरीनिमित्त दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहणारे. कॉर्न स्नेक, घरीच जन्मलेला, खाणं उत्तम, चारशे दिरहम. "म्हणजे आपले साडेनऊ हजार, ताई," ते फोनवर म्हणाले. मी शनिवारी येते म्हटलं. शनिवार जमणार नाही, मंगळवारी संध्याकाळी या, असं त्यांनी सांगितलं. मी ऑफिसातून लवकर सुटी घेतली आणि लेकीला गाडीत घालून दुबई गाठली.

लेक अभ्यास करून आली होती. डोळे स्वच्छ हवेत, खवल्यांत किडे नकोत, तोंडाशी फेस नको, अंग हाताला भरीव लागायला हवं. आणि मुख्य म्हणजे त्यानं आपल्यासमोर खाल्लं पाहिजे, कारण आजारी साप आधी खाणं सोडतो. हे तिनं वाटेत इतक्यांदा ऐकवलं की मलाही पाठ झालं.

दार उघडलं तर उदबत्तीचा वास. त्या दिवशी अंगारकी होती आणि माझाही उपास होता. संकष्टी मी लहानपणापासून करते. त्यांनी माझ्यासाठी शहाळं आणि लेकीसाठी साबुदाणा वडे आणले. आज चंद्रोदय किती वाजता, यावर थोडं बोलणं झालं आणि मी सोफ्यावर निवांत टेकले. परमुलखात अंगारकी पाळणारा माणूस भेटला म्हणून मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

साप देखणा होता. केशरी अंग, शेपटीचं टोक तेवढं वाकडं. लेक म्हणाली, "आई, वी हॅव टू सी हिम ईट."

गृहस्थांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. "बेटा, उंदीर म्हणजे बाप्पाचं वाहन. आजच्या दिवशी या घरात ते नको. एरवी कधीही दाखवलं असतं."

लेक माझ्याकडे बघत राहिली. निदान त्याचं तोंड उघडून दाखवा, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं कौतुक वाटत होतं. पैसे देऊन, देवाला नमस्कार करून आम्ही साप घरी आणला.

घरी त्यानं काही खाल्लं नाही. नव्या जागेत बुजला असेल म्हणून आठवडाभर थांबलो, मग सापांवर उपचार करणाऱ्या दुबईतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी वाकडी शेपटी पाहिली आणि म्हणाल्या, "अरे, यह तो वही है।" थोड्याच दिवसांपूर्वी एक गृहस्थ त्याला घेऊन आले होते. तोंडात पू झाला होता, खाणं बंद होतं. बाईंनी इंजेक्शनं सांगितली, खर्च ऐकून गृहस्थ गेले ते पुन्हा फिरकले नाहीत.

माझ्या डोक्यात एकदम तो मंगळवार आला. मी शनिवार मागितला होता. मंगळवार त्यांनी ठरवला होता, कॅलेंडर बघून. पुढ्यात आलेला कुठलाही मराठी माणूस त्या दिवशी उंदराचा हट्ट धरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोन केला तर म्हणाले, "ताई, जिवंत वस्तूची गॅरंटी कोण देतं? खलास, विषय संपवा." त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

पुढचे काही आठवडे इंजेक्शनं आणि तोंड धुणं चाललं. साप दोरीसारखा बारीक झाला. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंडातली जखम भरून आलीय, आजच खायला घाला. अजून उपाशी राहिला तर हाती लागणार नाही.

ती नेमकी पुढची संकष्टी होती. मी स्वयंपाकघरात मोदकांची उकड मळत होते. लेक दारात येऊन उभी राहिली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, आज नको ना? उद्या देऊ."

माझ्या देवाची तिला एवढी काळजी. मी हात धुतले, फ्रीजरमधला उंदीर काढला, गरम पाण्यात धरला आणि चिमटा तिच्या हातात दिला. सापानं बराच वेळ नुसती जीभ हलवली. मग झडप घातली आणि सावकाश गिळायला लागला. लेक रडायला लागली, मीही.

चंद्रोदय झाल्यावर नैवेद्य दाखवला. सवयीनं हात जोडून चुकलं-माकलं म्हणायला गेले आणि थांबले. माफी मी का मागू? ज्यानं मागायची तोही त्या वेळी सिलिकॉन ओएसिसमध्ये हात जोडूनच उभा असणार.