कुजबुजत केलेलं भांडण

परातीतल्या पिठात माझा हात मनगटापर्यंत होता, तेव्हा शालनवहिनींनी परात ओढून घेतली.

"अगं, तू ऱ्हाऊ दे. तुला दुसरं काम हाय."

वीस भाकऱ्यांचं पीठ होतं. पाणी घातलेलं, अर्धं मळलेलं. वहिनी मागच्या दारानं गेल्या आणि ते गाईपुढं टाकून आल्या. मग परात राखेनं घासली. दोनदा. गाईनं पीठ फस्त केलं आणि माझ्याकडं आशेनं बघत राहिली. त्या दिवशी माझ्या हातचं मागणारी ती एकटीच.

हे घडलं बुद्धाच्या नावानं चालणाऱ्या ध्यान केंद्रात. जुन्नर-आंबेगावच्या शिवेवरच्या एका माळावर. जमीन वहिनींच्या घरानं दिलेली. आमच्या घरात बुद्ध छप्पन्न सालानंतर लगेच आला, आजोबांचा हात धरून. वहिनींच्या घरात तो त्याच्या आदल्या दिवाळीत आला, पुण्याच्या पाहुण्यांबरोबर. पण स्वयंपाकघर त्यांचं.

मी वारूळवाडीत ब्लाऊज शिवायचे. दहा दिवसांचं एक शिबिर केलं होतं. दहा दिवस मौन. कुणी हाक मारत नाही, कुणी आडनाव विचारत नाही. जन्मात पहिल्यांदा मला हलकं वाटलं. म्हणून पुढच्या शिबिरात सेवेला आले. शिबिराला बसलेल्यांसाठी रांधायचं, वाढायचं, एवढंच मनात होतं.

मी व्यवस्थापकांकडं गेले. त्यांना सगळे सर म्हणायचे. पुण्याचे, बँकेतून निवृत्त, आवाज मऊ.

"ताई, संडास साफ करणं ही सर्वांत मोठी सेवा," सर म्हणाले. "अहंकार गळतो."

मला पटलं. खोटं कशाला सांगू, पटलं. ब्रश घेतला, फिनेल घेतलं. साठ माणसं, आठ संडास, पाणी टँकरचं. एका वर्षात चार शिबिरं केली. माझा अहंकार रोज सकाळी साडेसहाला गळायचा. इतका गळला की खालचा पाझर तलाव भरला असता. बाकी कुणाचा मात्र गळेना. त्यांची पाळीच यायची नाही.

गुडघे सुजले. ध्यानाला बसले की सांगायचे, वेदना येते, वेदना जाते, नुसतं बघत राहा. मी बघत राहिले. आली तशी ती मुक्कामालाच राहिली.

चौथ्या शिबिरानंतर घरी गेले. आईनं माझा हात हातात घेतला आणि नाकाशी नेला.

"फिनेल," ती म्हणाली. "तिथं हेच करतीस?"

"सेवा हाय, आई."

"आन बाकीच्या बाया काय करत्यात?"

"भाकऱ्या थापत्यात."

"ह्यासाठी आमी बुद्धाकडं आलो व्हतो व्हय?"

ती रडली नाही, ओरडलीही नाही. हात सोडून दिला, एवढंच. त्या रात्री ठरवलं. भाकरी करीन, नाहीतर तिथलं तोंड बघणार नाही.

पाचवं शिबिर. सकाळचे आठ. भिंतीपलीकडं हॉलमध्ये साठ माणसं डोळे मिटून बसलेली. स्वयंपाकघरात मोठ्यानं बोलायला बंदी. मी बादली आणि ब्रश नेऊन वहिनींच्या पायाशी ठेवले. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण मी कुजबुजत केलं.

"वहिनी, आज तुमची पाळी. भाकऱ्या मी करते."

"लई शानी झालीस गं?"

"हळू. मौन हाय."

वहिनींचा चेहरा तांबडा, आवाज मात्र मांजराच्या पिल्लाएवढा. "तुझ्या हातचं कोन खानार?"

"अंगात ब्लाऊज कुनी शिवलेला हाय?"

त्यांनी पदर ओढून घेतला. ब्लाऊज तरी दिसतच होता. काखेत मीच घातलेली चुणी.

"मी जेवनार न्हाई."

"नका जेवू. अहंकार गळंल."

सर धावत आले. चवड्यांवर धावत, आवाज नको म्हणून. कान आमच्या तोंडाशी आणला.

"ताई, मैत्रीभाव ठेवा. जमीन त्यांनी दिली आहे. त्यांच्या मनाला वेदना झाली."

"सर, मला सांगता तसं त्यांनाबी सांगा. वेदना बघत राहा म्हनावं."

मी तवा चढवला. पहिल्या तीन भाकऱ्या फाटल्या. अकराची घंटा झाली. साठ माणसं मान खाली घालून जेवली. चांगली म्हणाली नाहीत, वाईट म्हणाली नाहीत. मौन होतं. वहिनींनी दोन केळी खाल्ली आणि दुपारच्या जीपनं गेल्या.

शिबिर संपल्यावर सर म्हणाले, "पुढच्या वेळी जरा विश्रांती घ्या, ताई."

घेतली नाही. यादीत नाव नसताना गेले. सोबत खडू नेला. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर कामांच्या पाळ्या लिहिल्या, सगळ्यांच्या. संडासाला पहिल्या दिवशी मी, दुसऱ्या दिवशी सर, तिसऱ्या दिवशी शालनवहिनी. सर फळ्याकडं बघत उभे राहिले. पुसायला हात उचलला. मी खडू घेऊन शेजारीच उभी होते. हात खाली आला.

वहिनी त्यानंतर आल्या नाहीत. गावात म्हणतात, माझ्यामुळं देणारा माणूस दुखावला. ऐकून ऐकून कान किटले. मी थकले आहे, आता केसही पिकले. पण दर शिबिराला वहिनींचं नाव तिसऱ्या दिवशी लिहिते. त्या दिवशी संडास घाण राहतात, नाहीतर सर घासतात. मी घासणार नाही.