जानकीबाईंचं बारावं पान

आमच्या पूर्णा गावातल्या शाळेत जानकीबाई एकोणीस वर्षं मुलांची खिचडी शिजवत होत्या. मुलं त्यांना मावशी म्हणत. माहेर अकलोलीचं, गरम पाण्याच्या कुंडांजवळचं. सासरच्या शेतावर गोदामं उभी राहिली, घरी चार पैसे आले, तरी त्यांनी शाळा सोडली नाही. "घरी बसून काय करू? रस्त्यावरचे कंटेनर मोजू?" असं विचारायच्या.

पहिलीची मुलं जेवताना रेंगाळत. त्यांचे घास सरावेत म्हणून जानकीबाई एक गोष्ट सांगायच्या. ती त्यांनीच रचलेली होती. खाडीतला गार, ओलागच्च गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, भरतीबरोबर वाट चुकतो आणि नदीनं वर थेट अकलोलीला पोचतो. तिथल्या कुंडात वाफी राहते. वाफी म्हणजे मूठभर वाफेची पोर. गिऱ्हा गरम पाण्यात गेला तर त्याला फोड येतात, वाफी गार पाण्यात गेली तर विरून जाते. तरी दोघांची गट्टी जमते.

पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी याहून चांगली गोष्ट मला सापडली नसती. गोदामातल्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी बारा पानांचं पुस्तक केलं. प्रत्येक पानावर एक-दोन लहान वाक्यं, ठसठशीत अक्षरात. चित्रं चौथीच्या मुलांनी काढली. पुस्तक जानकीबाईंच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते पदरानं पुसलं आणि दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही.

पालकसभेला त्यांनीच ते वाचावं असं ठरलं. ओटीवर आई-बाप, पुढ्यात पहिलीचा वर्ग. जानकीबाई पान उलटत होत्या, खणखणीत आवाजात वाचत होत्या. शेजारी बसलेली ईरा ओळींखालून बोट फिरवत होती. या मुलीला वाचायला येऊन जेमतेम महिना झाला होता आणि दुकानाच्या पाट्यासुद्धा ती सोडत नसे.

बाराव्या पानावर ईराचं बोट थांबलं.

"मावशी, पुस्तकात तसं न्हाय."

"काय न्हाय?"

"तू बोलतेस तसं न्हाय लिवलेलं."

मागून निशा, जानकीबाईंची शेजारीण, हसून म्हणाली, "जानकीवहिनी, चष्मा इसरल्या काय?"

जानकीबाईंनी पुस्तक मिटलं. "चष्मा न्हाय इसरले. मना वाचता येत न्हाय. गोष्ट पाठ हाय."

पाठ केलेलं पान वाचल्यासारखं म्हणणारी मुलं मी आयुष्यभर ओळखत आले. रोज हजेरीपटावर सही करणाऱ्या या बाईंना मात्र मी कधी ओळखलं नव्हतं. शिवाय गोष्टीचा शेवट मी बदलला होता, आणि त्यांना वाचता येतं असं धरून चालल्यामुळे तो सांगायचं मनातही आलं नव्हतं.

मी पुढे झाले. "जानकीबाई, तिथे मी असं लिहिलंय की..."

"थांबा बाई. तुमी नका सांगू. माझी गोष्ट हाय, मीच वाचीन."

दुसऱ्या दिवसापासून भांडी घासून झाली की त्या पहिलीच्या वर्गात, ईराशेजारी सतरंजीवर बसू लागल्या. पाठांतराची अडचण अशी की चित्र दिसलं की वाक्य तोंडात यायचं. ईरानं चित्रावर पंजा ठेवला.

"चित्राकडं बघायचं न्हाय."

"बरं, मास्तरीणबाई."

"आनि हसायचं पन न्हाय."

जानकीबाई तांदळाच्या गोणीवरचं वाचत, फळ्यावरचा सुविचार वाचत, चुकत, पुन्हा वाचत. बारावं पान तेवढं त्यांनी उघडलं नाही. मलाही विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी ते उघडलं. पहिलीचा वर्ग भोवती गोळा झाला. अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत त्यांनी वाचलं, "वा-फी थंड झा-ली. गि-ऱ्हा ग-रम झा-ला. दोघं ए-का पाण्यात रा-हू ला-गले."

पुन्हा एकदा, सलग वाचलं. मग माझ्याकडे वळल्या.

"बाई, ह्ये कोनी सांगतलं तुमाला?"

"कुणी नाही. मला वाटलं, दोघं एकत्र राहिले तर मुलांना बरं वाटेल."

"वाफी थंड झाली तं ऱ्हायली कुठं ती? आनि गरम झाल्यावर त्याला गिऱ्हा कोन बोलेल?"

"फोड येतील त्याला!" ईरा ओरडली. वर्ग खदखदून हसला.

"दोस्ती झाली म्हनून कुनी सोताचं पानी सोडतं का, बाई?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत माझी चूक इतक्या मुद्देसूदपणे कुणी दाखवली नव्हती, आणि ती दाखवणारीला अक्षरओळख होऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. मला लाज कमी वाटली, अभिमान फार वाटला.

त्यांनी माझं पान काढलं, नवा पुठ्ठा मागितला आणि जाड पेन घेऊन बसल्या. त्या सांगायच्या तोच शेवट लिहायला अर्धा तास लागला. मुलं घरी जायला उठली नाहीत.

वाफी गरमच राहिली. गिऱ्हा गारच राहिला. मधल्या दगडावर बसून दोघं बोलतात.

ओळी तिरप्या गेल्या होत्या. ईरानं एक काना राहिलेला दाखवला, तो त्यांनी दिला.

मी पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. पुस्तक अजून पहिलीच्या वर्गात आहे. बाराव्या पानाचं अक्षर माझं नाही, जानकीबाईंचं आहे, हे माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.