तोंडातली सुपारी

मी गप्प बसले म्हणून आम्ही हरलो, असं सांगितलं तर शाहूपुरीत आजही कुणी खरं मानत नाही. "तू? आन गप्प?" म्हणतात आणि वर दात काढतात. काढू देत. सत्तरीचं दशक संपत आलं तेव्हाची ही गोष्ट. बायकांच्या कॅरम संघातून देशाकडून खेळायला आम्ही दोघी समुद्र ओलांडून गेलो होतो, मी आणि माझी थोरली चुलतबहीण. तिला मी आक्का म्हणते.

आमच्याकडं कॅरम आला तो चुलत्यांच्या फर्निचरच्या दुकानातून. कुणा गिऱ्हाइकानं बोर्ड करून घेतला आणि परत फिरकलाच नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत तो बोर्ड आम्ही दोघींनी असा बळकावला की चुलत्यांना पुढं विकायचा म्हटलं तरी विकता आला नाही. दुहेरीत जोडीदार समोरासमोर बसतात. आक्का भिंतीकडं, मी दाराकडं. बारा वर्षं जागा बदलली नाही.

आक्काचा हात म्हणजे देवाची देणगी. तिनं स्ट्रायकर मारला की सोंगटी कशी गेली ते कळायचंच नाही, नुसता पॉकेटच्या जाळीत पडल्याचा आवाज यायचा. पण बाई जन्माची अबोल. जेवताना मीठ पाहिजे असेल तर मिठाकडं बघत बसायची, कुणीतरी देईपर्यंत. आणि मी तिच्या उलट. माझा हात बरा होता, तोंड त्याहून चांगलं चालायचं. सोंगटीशी बोलल्याशिवाय मला खेळताच यायचं नाही. "ये बाई ये, दार उघडं हाय." "अगं म्हशी, तिकडं कुठं निघालीस?" राणी पॉकेटजवळ आली की, "या वहिनीसाहेब, लाजताय कशाला, घर तुमचंच हाय." आणि पलीकडच्या जोडीची सोंगटी दारात अडकली की, "बस्स! मर तिथंच!" माझी पाळी असो, आक्काची असो, माझी वटवट चालूच. गावातल्या स्पर्धांना अंपायरसुद्धा हसायचे. लोक खेळ बघायला यायचे का माझं ऐकायला यायचे, देव जाणे.

जिल्हा झाला, राज्य झालं, आणि मग पुण्याला देशाच्या संघाची निवड ठेवली. त्याच महिन्यात आक्काचं लग्न मुरगूडला ठरलं. माणसं चांगली, शेतीवाडी, दूधदुभतं. तिचे होणारे सासरे जुने पैलवान, मान जाडजूड, कान चुरगळलेले. सुपारी फुटली तेव्हा आमच्या चुलत्यांनी धीर करून विचारलं, "पावणं, पोरगी खेळती. लग्नानंतर काय करायचं?"

पैलवान मोठ्यांदा हसले. "आमच्या घराण्यात एकच नियम हाय. कुस्ती मारून आली तर आखाडा तिचा, कोण आडवा येतोय बघतो मी. चितपट झाली तर लंगोट खुंटीला. काय गं पोरी, पटतंय का?"

सगळे हसले. आक्कानं मान हलवली. ती हसली नाही. मी तिला चांगली ओळखते. तिनं ते बोलणं पदराच्या गाठीला बांधलं. त्या रात्री मला म्हणाली, "जिंकलं पायजे." आक्कानं आपण होऊन दोन शब्द बोलणं हेच आमच्या घरात नवल होतं.

पुण्यात आम्ही सगळ्यांना धुतलं. निवड समितीतल्या एकानं म्हटलेलं मला ऐकू आलं, "ती उंच मुलगी उत्तम. समोरची म्हणजे रेडिओ आहे. पण जोडी फोडू नका." घेतलं दोघींनाही. मग आले प्रशिक्षक. आम्ही त्यांना सर म्हणायचो. निवृत्त शिक्षक, पांढरा शर्ट, बोटाला पावडर लागली तरी रुमालानं पुसणारे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर उगाच त्यांच्यावर बिल फाडायचे सगळे.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "सर, मी आलो."

"आले म्हणा. तुम्ही मुलगी आहात ना?"

"व्हय. पण आमच्याकडं बाया बी आलो, गेलो असंच म्हणतात."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी आम्हाला खेळताना बघितलं आणि त्यांचा चेहरा पडत गेला. खेळ थांबवून म्हणाले, "हे बघा. दुहेरीत जोडीदाराशी एक शब्द बोललात तर बोर्ड गेला, म्हणजे तो डाव पलीकडच्यांचा. नियम आहे."

"मी कुठं तिच्याशी बोलतोय? मी सोंगटीशी बोलतोय."

"ते तुमच्या कोल्हापुरात कळेल. तिथं परदेशी अंपायर असेल. त्याला मराठी येत नाही. तुम्ही 'ये बाई ये' म्हटलं, तर तुम्ही सोंगटीला म्हटलं की बहिणीला, हे त्याला कोण सांगणार? मी?"

त्यांचं बरोबरच होतं, तीच तर पंचाईत. सरांनी उपाय काढला. खेळायला बसताना तोंडात एक अख्खी सुपारी धरायची. चावायचं नाही, गिळायचं नाही. डाव संपला की सरांना काढून दाखवायचं. पहिले दोन दिवस मी चार सुपाऱ्या फोडल्या आणि एक गिळली. मग जमलं. आणि गंमत बघा, माझा खेळ सुधारला! सर खूश झाले. म्हणाले, "बघा, सगळी शक्ती तोंडावाटे जात होती."

आणि आक्काचा खेळ बसला.

आधी वाटलं, सरावाचा शीण असेल. मग सरांनी तिचं स्टूल बदललं. दिव्याची जागा बदलली. पावडर बदलली, स्ट्रायकर हलका दिला, जड दिला. मनगट धरून कसं वळवायचं ते दाखवलं. ज्या मनगटाला कुणी कधी काही शिकवलं नव्हतं ते आता शिकायला लागलं आणि होतं तेही विसरलं. सरळ सोंगटी दारात नेऊन थांबवायची आणि माझ्याकडं बघायची. माझ्या तोंडात सुपारी. मी नुसत्या भुवया उडवायची, तर सर ओरडायचे, "खुणा नकोत!"

आक्काचं काय बिनसलं ते तिलाही सांगता येईना. रामेश्वरहून बोटीत बसलो तेव्हा कुठं उलगडलं. संघातल्या एकेरी खेळणाऱ्या दोघी ओकत पडल्या होत्या. आक्का कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "तुझं तोंड बंद झालं आन मला बोर्ड लई मोठा दिसायला लागलाय."

"म्हंजे काय?"

"तू 'मर तिथंच' म्हटलंस की माझा श्वास सुटायचा. मग हात सुटायचा. आता श्वास कवा सोडायचा तेच कळंना झालंय."

आम्ही दोघी तशाच सरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "नियम मी केलेला नाही. तिला मनात मोजायला शिकवू. एक, दोन, तीन आणि सोडायचा." मॅच तीन दिवसांवर आलेली. बारा वर्षांचा श्वास तीन दिवसांत मोजून मिळतो का कुठं! पण दुसरं हातात काहीच नव्हतं. आक्का बोटीवरच मोजायला लागली.

मॅच एका मोठ्या हॉलमध्ये होती. वर पंखे, पण बोर्डावर वारा लागू नये म्हणून बंद केलेले. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला. आमच्या संघातली एक एकेरी जिंकली, दुसरी हरली. म्हणजे सगळं आमच्या दुहेरीवर आलं. समोरच्या जोडीतल्या दोघी शांत, गोड चेहऱ्याच्या. मला त्यांचा रागसुद्धा येईना.

कसंबसं खेळत गेलो. मी मारत होते, आक्का सांभाळत होती. दोन्ही जोड्या बरोबरीत आल्या आणि शेवटचा बोर्ड राहिला. त्या बोर्डात आमची एकच पांढरी सोंगटी उरली आणि राणी. दोन्ही आक्काच्या उजव्या हाताच्या पॉकेटजवळ. राणी घेतली की लगेच मागून आपली एक सोंगटी घालावी लागते, तरच राणी आपली. पाळी आक्काची होती. तिनं राणी घेतली. जुन्या आक्कासारखी घेतली, जाळीतच आवाज आला. वहिनीसाहेब घरी गेल्या, असं म्हणायचं होतं. सुपारीवर दात रोवले.

आता राहिली ती पांढरी. सरळ रेषेत, वीतभर अंतर. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोरानं डोळे झाकून घातली असती. आक्कानं स्ट्रायकर रेषेवर ठेवला. बोट लावलं. काढलं. परत ठेवला. तिचे ओठ हलत होते, एक, दोन, तीन. परत एक, दोन, तीन. बोट सुटेना. अंपायरनं घड्याळाकडं बघितलं. आक्काच्या कपाळावरचा घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तिला तो पुसायचंही सुचत नव्हतं. मग तिनं मान वर केली. बघितलं माझ्याकडं, विहिरीत पडलेलं माणूस वर बघतं तसं.

"बोल की गं," ती म्हणाली.

तेवढंच. बारा वर्षांत बोर्डासमोर बसून आक्का एवढंच बोलली.

अंपायरचा हात वर गेला. मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, वेळ संपली. सर धावत आले. इंग्रजीत काहीतरी समजावायला लागले, हात हलवत. ती काही सूचना करत नव्हती, असं ते सांगत होते. अंपायरनं शांतपणे विचारलं, मग ती काय म्हणाली? सर खोटं बोलणारे नव्हतेच. त्यांनी सांगितलं, ती जोडीदाराला म्हणाली, बोल. अंपायरनं त्यांच्याकडं दयेनं बघितलं आणि मान हलवली.

बोर्ड गेला. मॅच गेली. पांढरी सोंगटी होती तिथंच होती. मी तोंडातली सुपारी हातावर काढली. अख्खी होती.

परतताना बोटीवर मी आक्काला किती सांगितलं. तुझी चूक न्हाय. माझी बी न्हाय. त्या नियमाला किडे पडोत. तिनं ऐकून घेतलं, आणि मीठ पाहिजे असल्यासारखी समोर बघत राहिली. कोल्हापुरात स्टेशनवर चार माणसं हार घेऊन आली होती. हरल्याचं कुणी त्यांना कळवलंच नव्हतं. हार तर घालून घ्यावेच लागले. त्याहून वाईट काय असतं सांगा.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी आक्कानं बोर्ड बरोबर घेतला. मला आशा वाटली. चार दिवसांनी मी मुरगूडला गेले तर सोप्यात खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली. आत स्ट्रायकर आणि सोंगट्या. कुणी सांगितलं नव्हतं. घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं स्वतःच टांगली होती.

अधनंमधनं जात राहिले. पिशवीवर धूळ बसायची, आक्का दिवाळीला पिशवी धुवायची आणि परत टांगायची. तिच्या सासऱ्यांनी एकदा मला बाजूला घेतलं. थकले होते. म्हणाले, "मी त्या वक्ताला पैलवानकीच्या तोऱ्यात बोललो गं. कुस्तीत हारजीत असतीच. दहादा म्हटलं हिला, खेळ की पोरी. ऐकतीय का बघ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय त्यांना धीर देणार!

एका दुपारी त्यांनीच हट्ट धरला. स्वतः माळ्यावरून बोर्ड काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, सोप्यात मांडला, खुंटीवरची पिशवी आक्काच्या पुढ्यात ठेवली. म्हातारा माणूस कळवळून सांगतोय म्हणून ती बसली. भिंतीकडं ती, दाराकडं मी. सोंगट्या लावल्या. माझ्या तोंडात या वेळी काही नव्हतं. मनात म्हटलं, आज हिचा श्वास मोकळा करायचाच.

सोंगट्या फुटून पांगल्या. पहिलीच पांढरी आक्काच्या उजव्या हाताला, पॉकेटजवळ जाऊन थांबली. तिनं स्ट्रायकर रेषेवर ठेवला. मी सुरू केलं, "ये बाई ये, दार उघडं..."

आक्कानं हात उचलला. मान वळवून मागं बघितलं, अंपायर उभा असल्यासारखं. मागं भिंत होती.

"गप की," ती हळूच म्हणाली. "बोर्ड जाईल."

मी गप्प बसले. तिनं मारलं. सोंगटी दारात जाऊन थांबली.