शाबूत कुलूप

कुलूपकाकांना खरं नाव विचारलं असतं, तर त्यांना क्षणभर आठवावं लागलं असतं, इतकं ते वापरातून गेलं होतं. सरकारी कचेरीच्या कुंपणभिंतीला टेकून त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक पत्र्याचं दार, आत एक माणूस बसेल नि दुसरा अंग चोरून उभा राहील एवढी जागा, छताला लोंबणारे किल्ल्यांचे जुडगे, आणि कानस चालवून चालवून मधोमध खोलगट झालेला लाकडी ठोकळा. ठोकळा वडिलांच्या वेळचा. जागाही वडिलांच्याच वेळची, फक्त ती सरकारची. ‘कचेरीची कुलपं बघत जा आणि बस इथे,’ असं एका जुन्या साहेबाने तोंडी सांगितलं आणि वडील बसले. त्या तोंडच्या शब्दावर दोन पिढ्यांची चूल पेटली. मग नवा साहेब आला, त्याला भिंत मोकळी हवी होती, आणि नोटीस आली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ज्याच्याजवळ दुसरी पायरीच नाही त्याने काय करावं, हे सांगायला मात्र कोणी शहाणा पुढे येत नाही. काका चढले. तारखा पडत राहिल्या, एकदा सरकारी वकील आजारी, एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा नुसतंच ‘पुढची तारीख’. शेवटी खालच्या कोर्टात काका हरले. त्यांच्या वकीलबाईंनी वरच्या कोर्टात धाव घेतली, आणि तिथे अर्ज ऐकला जाणार त्याच दिवशी साहेब दुकानाचा ताबा घ्यायला येणार, असं कळलं.

आदल्या संध्याकाळी वकीलबाईंनी काकांना आणि त्यांच्या बायकोला समोर बसवलं.

“काका, नीट ऐका. वरचं कोर्ट म्हणेल, आहे ते आहे तसं राहू द्या. पण आदेश निघेल तेव्हा दुकान तुमच्या ताब्यात असायला हवं. कुलूप लावा आणि मूग गिळून उभे राहा. भांडू नका, सही करू नका, हातात काही देऊ नका.”

“आणि कुलूप फोडलं तर?”

“फोडू द्या की. जबरदस्तीने घुसले म्हणून मला भांडता येईल. फुटलेलं कुलूप मला हवंच आहे.”

काका हसले, कारण ते कुलूप फुटणारं नव्हतं. वडिलांनी आयुष्यभर लोकांची कुलपं दुरुस्त केली, पण स्वतःच्या हाताने मुळापासून घडवलं ते हे एकच. पितळी, तळहातभर, आणि इतकं अचूक की दुसरी कुठलीही किल्ली आत गेली तर तशीच मुकाट्याने परत यायची. काका त्याला आठवड्याला तेल देत. बायको म्हणायची, मला कधी विचारलंत का, गुडघे दुखतात का म्हणून.

सकाळी निघताना तिने हात पुढे केला. “किल्ली माझ्याकडे द्या.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“तुम्ही कोण आहात ते मला माहीत आहे. द्या.”

काकांनी किल्ली खिशात घातली आणि निघाले.

साहेब आले ते दोन पोलीस, एक कारकून आणि एक मजूर घेऊन. शहरातल्या एकूणएक किल्लीवाल्याला बोलावणं गेलं होतं, पण त्या दिवशी सगळ्यांनाच नेमका ताप आला होता. त्यामुळे मजूर, आणि त्याच्या हातात छिन्नी नि घण. काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मनात वकीलबाईंचे शब्द घोकत होते.

मजुराने छिन्नी कडीला लावली आणि घण हाणला. छिन्नी सटकली, पत्रा फाटला. त्याने ती काढून थेट कुलपाच्या पोटावर टेकवली, जिथे वडिलांनी कानशीने एक बारीक रेघ ओढून काम संपवलं होतं.

“अरे, तिथे नाही,” काकांच्या तोंडून गेलं.

साहेबांनी हात वर करून मजुराला थांबवलं. साहेब काही वाईट माणूस नव्हता, हेच वाईट होतं. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “काका, वस्तू चांगली आहे. दुकान तर जाणारच आहे. ही कशाला वाया घालवता?”

साहेबांनी मजुराला खूण केली आणि घण पुन्हा वर गेला. त्या क्षणी काकांच्या डोक्यात कोर्ट नव्हतं, दुकान नव्हतं, उद्याचं जेवण नव्हतं. चांगल्या कुलपावर घण पडताना त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं आणि आत्ताही बघवेना. जित्याची खोड ती. ते पुढे झाले, मजुराला बाजूला सारलं, खिशातून किल्ली काढली. कुलूप नेहमीसारखं अलगद उघडलं.

कारकुनाने तिथल्या तिथे पंचनाम्यात लिहिलं, दुकानदाराने स्वखुशीने कुलूप उघडून ताबा दिला. बघ्यांपैकी दोघांच्या सह्या झाल्या. ठोकळा, जुडगे, कानशी रस्त्यावर आल्या. दारावर सरकारी कुलूप चढलं. ते इतकं हलकं होतं की काकांनी डोळे मिटून, वाकड्या तारेने उघडलं असतं. आता ते उघडणं गुन्हा होता.

वकीलबाई धापा टाकत आल्या तेव्हा आदेश त्यांच्या हातात होता. आहे ते आहे तसं राहू द्यावं. त्यांनी रस्त्यावरचं सामान पाहिलं, पण त्या डगमगल्या नाहीत.

“कुलूप फोडलं ना त्यांनी? कुठे आहे ते? द्या माझ्याकडे.”

काकांनी कुलूप पुढे केलं. वकीलबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर साधा ओरखडा नव्हता. त्यांनी ते परत दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

खटला अजून चालू आहे म्हणतात. स्वखुशी हा शब्द काही हटत नाही, आणि भिंत तर कधीच मोकळी झाली. कुलूप घरात खिळ्याला टांगलेलं आहे, कारण ते लावावं असं त्या घरात काही नाही. बायकोने काकांना कधी बोल लावला नाही. फक्त एकदा, भाकरी वाढता वाढता म्हणाली, “एक घाव तरी खाऊ द्यायचा होता त्याला.”

“बघवलं नाही गं,” काका म्हणाले, आणि ताट तसंच सोडून उठले.