पद्माक्काचा फोटो

दळण चक्कीतून उतरायला लागलं की पद्माक्का पिठाच्या धारेखाली हात धरायची. चिमूटभर पीठ अंगठ्यानं बोटावर चोळायची आणि तिकडं न बघताच सांगायची, "जाड हाय. पुन्यांदा टाकतो." गिऱ्हाईक म्हणायचं, असू दे आक्का, घाई आहे. ती ऐकायची नाही. "घाई तुमाला हाय, भाकरीला न्हाई," म्हणायची आणि पीठ परत वर ओतायची.

तिच्या गिरणीशेजारचा गाळा मी फ्लेक्सच्या दुकानासाठी भाड्यानं घेतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आईनं शाळूच्या ज्वारीचा डबा देऊन पाठवलं. समोर चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, रुंद खांद्यांची बाई. हात मनगटापर्यंत पांढरे, ओठाच्या कडेला पांढरं, मानेवरही पांढरं. ओळख नव्हती, पण चांगुलपणा म्हणून मी सांगितलं की तुमच्या तोंडाला पीठ लागलंय.

"ते पीठ न्हवं, पावणं. कोड हाय. झटकून जात न्हाई," ती म्हणाली आणि त्याच आवाजात पुढं विचारलं, "शाळू हाय न्हवं? बारीक का मध्यम?"

मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. तिनं मात्र डबा रांगेत लावून पुढचं दळण घेतलं होतं. पुढं पंधरा वर्षं आम्ही शेजारी होतो. पावण्याचा मी अवि झालो.

स्वतःविषयी तिनं मला एकदाच सांगितलं, तेही चक्कीचा पट्टा बदलता बदलता. माहेर जैन शेतकऱ्याचं, हुपरीच्या अलीकडचं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मानेवर पहिला डाग उठला. सासूनं ताट वेगळं केलं, मग अंथरूण वेगळं केलं. नवरा पंचमीला माहेरी सोडून गेला तो न्यायला आलाच नाही. वडिलांनी हा गाळा आणि चक्की घेऊन दिली. सांगताना तिच्या आवाजात रडं नव्हतं. पट्टा बसला का, एवढंच तिनं शेवटी मला विचारलं.

गल्लीत तिचा दरारा होता. एकदा नळाला तीन आठवडे गढूळ, वास मारणारं पाणी येत होतं. तक्रारी करून लोक दमले. पद्माक्कानं तेच पाणी बाटलीत भरलं, आठ-दहा बायका बरोबर घेतल्या आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा ऑफिसात जाऊन साहेबांच्या टेबलावर बाटली ठेवली. "एक घोट घ्या, सायेब. तुमाला पचलं की आमी उठतो," म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. तिसऱ्या दिवशी माणसं खणायला आली.

म्हणूनच, महापालिकेची बरीच वर्षं रखडलेली निवडणूक एकदाची लागली आणि आमच्या प्रभागातली एक जागा बायकांसाठी राखीव निघाली, तेव्हा तालमीच्या तात्यांनी तिचं नाव काढलं. तात्या म्हणजे गल्लीतलं वडीलधारं माणूस, सगळ्यांच्या लग्ना-मयताला पुढं असणारं. पद्माक्का चार दिवस नाही म्हणत होती. पाचव्या दिवशी पुन्हा गढूळ पाणी आलं आणि तिनं होकार कळवला.

फोटो मी काढला. तिनं अबोली रंगाची साडी नेसली होती, केस चापून बांधले होते. ती गिरणीत परत गेल्यावर तात्या माझ्या खुर्चीमागं उभे राहिले आणि म्हणाले, "अवि, तेवढं साफ कर की."

मी विचारलं नाही, काय साफ करू. अर्ध्या तासाचं काम होतं. ओठाची कड, हनुवटी, मान, छातीशी जोडलेले हात, सगळ्यांवर मी एकसारखा रंग चढवला. मग सवयीनं तो रंग जरा उजळही केला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या जागेवरच्या एका पुरुष उमेदवाराचं काम होतं. त्याच्या कपाळावर मोटरसायकलवरून पडल्याची मोठी खूण होती. मी ती पुसायला घेतली तर त्याचे कार्यकर्ते म्हणाले, राहू दे, रांगडा दिसतो. मी ती ठेवली. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चौकात फ्लेक्स लागला. पद्माक्का खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती.

"ही कोण?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, आक्का, सगळ्यांचेच असे करतात. तात्या म्हणाले, निवडून येईपर्यंत चालवून घे, मग बघू. ती दोघांकडं आळीपाळीनं बघून गिरणीत गेली. त्या दिवशी कुणाचंच पीठ तिनं चोळून बघितलं नाही.

समोर उमेदवार होती ऋतुजा वहिनी. माजी नगरसेवकाची सून, तिशीची, गोरी, नीटस. तिच्या फ्लेक्सवर तिच्यापेक्षा नवऱ्याचा, रणजितदादाचा, चेहरा मोठा होता. प्रचारात ती हात जोडायची, हसायची आणि बोलायचे रणजितदादा. लोक म्हणायचे, किती सालस आहे, एक शब्द बोलत नाही.

पद्माक्काला तात्या रोज काहीतरी शिकवायचे. लांब बाह्यांचं पोलकं घाल. पदर मानेवरून घे. आवाज खाली आण. आमच्याकडं बायकाही 'मी येते' न म्हणता 'मी येतो' म्हणतात, कोल्हापुरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण रस्त्यापलीकडच्या नव्या कॉलनीत बाहेरगावची नोकरदार माणसं बरीच. तिथं हसतील म्हणून 'येते' म्हणायची सवय कर, असंही झालं. ती सगळं करत होती. मात्र ते करताना बोलायचीच कमी झाली. ऑफिसात साहेबाला बसल्या जागी घाम फोडणारी बाई दारोदारी माझ्यासारख्याच्या मागं उभी राहायला लागली.

कॉलनीतल्या तिसऱ्याच घरी दार उघडणाऱ्या बाईनं हातातलं पत्रक बघितलं, पद्माक्काकडं बघितलं आणि तात्यांना विचारलं, "उमेदवार मागनं येतायत का?" तात्यांनी हेच उमेदवार म्हणून सांगितलं. बाईंचं हळदीकुंकवाचं बोट पुढं आलं होतं, ते हवेतच थांबलं आणि करंड्यात परत गेलं. जिना उतरताना पद्माक्कानं पदरानं आधीच कोरडं असलेलं कपाळ पुसलं.

दोन दिवसांनी सगळ्यांच्या मोबाइलवर एक चित्र फिरायला लागलं. डावीकडं आमचा फ्लेक्स, उजवीकडं कुणीतरी चोरून काढलेला तिचा गिरणीतला फोटो. खाली लिहिलं होतं, 'चेहराच खोटा, तर शब्द कसला खरा?' पाठोपाठ दुसरं आलं. त्यात फक्त तिचे पिठातले हात होते आणि खाली एकच प्रश्न : 'रोज काय खाताय?'

गिरणीपुढची डब्यांची रांग एका आठवड्यात निम्म्यावर आली. वीस-वीस वर्षं तिच्या हातचं पीठ खाल्लेली घरं. काहींनी कारण सांगितलं, तयार पीठ आणतोय. बहुतेकांनी कारणच सांगितलं नाही.

एका सकाळी मी दुकानाकडं निघालो असताना माझी बायको, सुनीता, गंगावेशीतल्या दुसऱ्या गिरणीतून डबा घेऊन येताना दिसली. मला बघून तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. मी म्हणालो, कोड लागत नाही, कुठल्याही डॉक्टरला विचार. ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. पण घरात लेकरं हायत." पुढं मी वाद घालायला हवा होता. मी घातला नाही. तिच्या हातातला डबा घेऊन घरी ठेवून आलो. दुपारी पद्माक्का सहज म्हणावं तसं म्हणाली, "सुनीताचा डबा दिसला न्हाई ह्या खेपंला." मी संगणकाच्या पडद्यावरनं मान वर केली नाही.

प्रचाराचे चार दिवस उरले होते. ती सकाळी दुकानात आली. रोजचं लुगडं, अर्ध्या बाह्यांचं पोलकं, केसांवर पीठ.

"फोटो काढ. आत्ता हाय तसा," ती म्हणाली. "आणि बोट लावायचं न्हाई त्याला."

मी म्हणालो, आता उशीर झालाय, उलट लोक म्हणतील घाबरून बदलला. तात्या तर चिडलेच. एवढ्या दिवसांची मेहनत पाण्यात घालवतेस, म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "मेहनत तुमची, तात्या. त्वांड माझं हाय." मी कॅमेरा उचलला. दुपारपर्यंत नवा फ्लेक्स लागला. जुना तिनं स्वतः विळ्यानं दोऱ्या कापून उतरवला, तेव्हा चौकातली सगळी माणसं चहा सोडून बघत होती.

रविवारी सकाळी कॉलनीच्या सभागृहात दोन्ही उमेदवारांना बोलावलं होतं. शंभरेक माणसं असतील. ऋतुजा वहिनी मोरपंखी साडीत, शेजारी रणजितदादा. पद्माक्का एकटीच, हात मांडीवर उघडे ठेवून. एका निवृत्त गृहस्थांनी खाकरून विचारलं, की बाई, राग मानू नका, पण तुमचा तो त्रास आणि तुमचा धंदा पिठाचा, म्हणून विचारावं लागतं. आता ती माझं नाव घेणार, असंच मला वाटत होतं.

ती उठली. तिनं माईक हातात घेतला. "कोड लागत न्हाई. माझं ऐकू नका, डॉक्टरला इचारा. पर आधीच्या फ्लेक्सवर खोटा फोटो होता, हे खरं हाय. ती चूक माझी. बघून बी मी गप बसलो." तिनं एकदा सगळीकडं नजर फिरवली. मी तिसऱ्या रांगेत होतो, माझ्यावरून ती नजर न थांबता गेली. "आता काय इचारायचं असंल तर पाण्याचं इचारा."

एका बाईंनी ऋतुजा वहिनींना पाण्याचं विचारलं. रणजितदादा उठले आणि माईक घ्यायला हात पुढं केला.

"दादा, बसा की," पद्माक्का म्हणाली. "इचारलंय तिला."

रणजितदादांचा चेहरा उतरला. ऋतुजा वहिनी क्षणभर बसूनच राहिल्या, मग माईक घेऊन उभ्या राहिल्या. आधी काही ऐकूच येईना. मग आवाज मोकळा झाला. त्या स्थापत्य शिकलेल्या होत्या, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पिण्याच्या पाण्याची पाइप गटाराला दोन ठिकाणी छेदून जाते आणि नुसती दुरुस्ती न करता ती हलवायलाच हवी, हे त्यांनी हातानं रेघा काढून सांगितलं. "बरोबर हाय," पद्माक्का खुर्चीतूनच म्हणाली, "दुसरी जागा शाळंच्या मागं." आणि मग पाच-सात मिनिटं त्या दोघी, एकमेकींविरुद्ध उभ्या असलेल्या बायका, आम्हाला विसरून पाइपबद्दल बोलत राहिल्या.

संध्याकाळी माझ्या दुकानात त्याच सभेची चर्चा होती. कुणी म्हणालं, सून देखणी आहे पण बोलली तशी जरा आगाऊच वाटली. कुणी म्हणालं, पद्माक्काचा आवाज गड्यासारखा, बाईमाणसाला शोभत नाही. मोरपंखी साडीची किंमत काय असेल, यावर दोघांची पैज लागली. आक्काचे हात जवळून बघितले का, असं एकानं विचारलं. पाइपचा विषय कुणीच काढला नाही.

निकालाच्या दिवशी तात्या कागदावर केंद्रवार मतं लिहून आणत होते. पद्माक्का गिरणीतच बसली होती. चक्की बंद होती. ती थोडक्यात हरली. पण तात्यांना सांगता येत नव्हतं ते वेगळंच होतं. कॉलनीत तिला आम्ही धरली होती त्यापेक्षा जास्त मतं पडली होती. ती मागं पडली होती आमच्याच गल्लीच्या केंद्रावर.

"परत वाचा," ती म्हणाली. तात्यांनी परत वाचलं. ती नुसतं "व्हय" म्हणाली आणि उठून चाळण्या खुंटीला अडकवायला लागली.

सुनीतानं कुणाला मत दिलं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

महिन्याभरानं एका दुपारी ऋतुजा वहिनी एकट्याच स्कूटीवरून आल्या. बगलेत नकाशाची गुंडाळी होती. गव्हाच्या पोत्यावर बसून दोघी तासभर बोलत होत्या. निघताना पद्माक्का त्यांना म्हणाली, "हळू बोलू नगंस. हळू बोललीस की दुसरा माईक घेतो." पुढं ती पाइप हलली. त्याचा अभिनंदनाचा फ्लेक्स मीच छापला. त्यावरही रणजितदादांचा चेहरा मोठा होता.

गिरणीची रांग मात्र पहिल्यासारखी झाली नाही. वर्षभर तिनं वाट बघितली. मग गारगोटीला भावाच्या घराशेजारी गाळा मिळाला आणि तिनं चक्की हलवायची ठरवली. गल्लीतल्या चार बायका भेटायला आल्या, रडल्या, तिनं त्यांना चहा दिला. टेम्पो भरायला मी मदतीला होतो. सामान चढल्यावर एवढ्या दिवसांचं तोंडाशी आलेलं मी बोलून टाकलं. म्हणालो, आक्का, तो फोटो मी तसा करायला नको होता. लोकांचं तोंड मीच उघडलं.

ती डब्यावरचं पीठ फडक्यानं पुसत होती. ती थांबली.

"कोड पुसलंस त्याचा राग न्हाई, अवि. तात्या म्हणालं, तू पुसलंस," ती म्हणाली. "फ्लेक्स लागल्यावर तू मला चौकात बोलावलंस, आणि म्हणालास, बघ आक्का, किती छान दिसत्यास. ते मला लागलं."

मी असं म्हणालो होतो, हे मला आठवतही नव्हतं. तिला ते शब्दशः आठवत होतं.

तिनं फडकं माझ्या हातात दिलं, पुढं ड्रायव्हरशेजारी बसली आणि दार ओढून घेतलं.